परतलेली घरे, वाढलेले उत्पन्न आणि गावाची वेस: हिवरे बाजारचा प्रकरण अभ्यास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव महाराष्ट्राला पाण्यासाठी माहीत आहे. डोंगरावरचे समपातळी चर (उतारावर पाणी अडवून मुरवण्यासाठी खोदलेले आडवे चर), पाण्याचा ताळेबंद, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि राज्यातल्या शेकडो ग्रामपंचायतींचे सदस्य एसटीने किंवा जीपने तिथे जाऊन हे काम पाहून आले आहेत. प्रस्तुत टिपणात पाणी येईल, पण ते कारण म्हणून येईल. तपासायचे आहे ते असे: सुमारे पस्तीस वर्षांत या छोट्या गावात किती माणसे टिकली आणि किती परतली, त्यांच्या हाती पैसा कोणत्या वाटेने आला, आणि गावात कोणकोणाला सामावून घेतले गेले.

लोकसंख्या, उत्पन्न आणि सामाजिक विविधता हे तीन विषय सरकारी तक्त्यांत तीन वेगळ्या रकान्यांत असतात, आणि त्यांचा अभ्यास करणारी माणसेही बहुधा वेगवेगळी असतात. हिवरे बाजारपुरते बोलायचे तर हे तिन्ही विषय एकाच निर्णयाला बांधलेले आहेत असे माझे मत झाले आहे. गावाची जमीन आणि गावाचे पाणी गावाच्याच हाती राहील, असे या गावाने ठरवले आणि ते पाळले. त्यामुळे उत्पन्न वाढले, गेलेली कुटुंबे माघारी आली. आणि त्याच निर्णयाने गावकरी कोणाला म्हणायचे याची वेसही पक्की झाली. या निर्णयाच्या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय या गावाचे आकडे नीट वाचता येत नाहीत.

आधीची स्थिती

गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आहे. सह्याद्रीच्या फाट्यांमधल्या टेकड्या भोवती आहेत, आणि पर्जन्यछायेत असल्यामुळे वर्षाचा सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. एके काळी हे पैलवानांचे गाव म्हणून ओळखले जाई. तालीम चालवायला दूध लागते, दुधाला जनावरे लागतात आणि जनावरांना चारा लागतो, एवढे लक्षात घेतले तर त्या काळी या डोंगरांवर काय असेल याचा अंदाज बांधता येतो. बहात्तरच्या दुष्काळाने ही घडी मोडली. सरपणासाठी आणि पैशासाठी झाडे गेली, उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पावसाबरोबर वाहून गेली, आणि विहिरींना पावसाळ्यापुरतेच पाणी राहू लागले. १९८९-९० पर्यंत लागवडयोग्य जमिनीपैकी जेमतेम १२ टक्के जमीन कसता येत होती.

अशा गावातून माणसे बाहेर पडतात. आधी घरातला एक कर्ता पुरुष मजुरीला शहरात जातो, मग हंगामापुरते जोडपे जाते, आणि शेवटी दाराला कुलूप लागते. गावात राहिलेल्यांपैकी अनेकांनी हातभट्टीचा आधार घेतला. गावात दारूचे बावीस अड्डे होते अशी नोंद आहे, आणि शे-दोनशे घरांच्या वस्तीत बावीस अड्डे म्हणजे साधारण आठ-नऊ घरांमागे एक. शिक्षक आणि ग्रामसेवक इथली बदली म्हणजे शिक्षा मानत, हे त्या काळाच्या सर्व वृत्तांतांत येते.

१९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी आग्रह धरल्यावर पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. ते गावातले एकमेव पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, वाणिज्य शाखेचे, क्रिकेट गंभीरपणे खेळलेले तरुण होते, आणि त्यांनी शहरात नोकरी करावी असेच घरच्यांना वाटत होते. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे एवढेच नोंदवतो की गावाची परतीची वाट ज्याने आखली तो स्वतःही परतलेलाच होता.

कामाची सुरुवात शाळेपासून झाली. मग राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेची पंचसूत्री गावाने स्वीकारली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. १९९४ मध्ये गाव या योजनेत आले. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा अनुभव डोळ्यांसमोर होता. पाणलोटाची कामे रोजगार हमी योजनेतून झाली. त्यावर सुमारे ४२ लाख रुपये खर्च झाले, म्हणजे हेक्टरी चार हजारांच्या आसपास. रोजगार हमी ही महाराष्ट्राने बहात्तरच्या दुष्काळातून घडवलेली योजना, आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. बहुतेक गावांत या योजनेतून खडी फुटली आणि रस्ते झाले. इथे त्याच मजुरीतून डोंगरावर चर खोदले गेले. गावकऱ्यांना हंगामी मजुरी गावातच मिळाली, हा या कामाचा लोकसंख्येवरचा पहिला परिणाम. पाणी यायला अजून काही वर्षे लागणार होती, पण बाहेर जाण्याची निकड त्याआधीच थोडी कमी झाली.

माणसाला लागणारे पाणी आणि पिकाला लागणारे पाणी

लोकसंख्या वाढली म्हणून पाणी पुरत नाही, असे गावोगावी ऐकू येते. हिवरे बाजारच्या आकारावर हे विधान तपासून पाहणे सोपे आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. ९७६ हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ९७ कोटी ६० लाख लिटर होते, आणि ४०० मिलिमीटर पडला तर ३९० कोटी लिटरच्या वर. आता गावाची लोकसंख्या साडेबाराशे धरू आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी देऊ. वर्षाची गरज निघते सुमारे अडीच कोटी लिटर. केवळ १०० मिलिमीटर पावसाच्या तुलनेतही ही गरज तीन टक्क्यांहून कमी आहे.

याच तराजूत ऊस ठेवला की चित्र बदलते. महाराष्ट्रात उसाला हंगामभर दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते असे धरले जाते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. अख्ख्या गावाचे वर्षभराचे घरगुती पाणी सव्वा हेक्टर, म्हणजे तीन एकर, उसाने संपते. शिवाय पडलेला सगळा पाऊस हाती येत नाही: पडलेल्या पावसातला मोठा भाग बाष्प होऊन उडतो आणि बराचसा वाहून जातो, आणि मुरते ते थोडेच. त्या थोड्यातच माणूस, जनावर आणि पीक यांची वाटणी करायची असते.

गावाने ही वाटणी ग्रामसभेत आणली. पावसाळा सरल्यावर पर्जन्यमापकावरचा आकडा आणि विहिरींच्या पाण्याची पातळी यांवरून त्या वर्षी किती पाणी हाती आहे हे मांडायचे, माणसे आणि जनावरे यांचा वाटा आधी बाजूला काढायचा, आणि उरलेल्यात रब्बीची कोणती पिके किती घ्यायची ते ठरवायचे. ऊस आणि केळी यांना मर्यादा आली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी झाली. पाऊस कमी झाला त्या वर्षी गावाने पेरा कमी केला. आटलेल्या विहिरींच्या तळाशी आणखी खोल जाण्याची जी शर्यत मराठवाड्यात आणि नगरच्याच इतर भागांत दिसते, ती इथे थांबली. विहिरींची संख्या मात्र ९७ वरून २१७ झाली, आणि ओलिताखालचे क्षेत्र १९९९ मधल्या सुमारे १२० हेक्टरवरून २००६ पर्यंत २६० हेक्टर झाले. या दोन आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. विहिरी सव्वादोन पटींनी वाढल्या, म्हणजे पाणी उपसणारे हातही तितकेच वाढले. ताळेबंदाचा नियम नसता तर हेच २१७ विहीरमालक एकमेकांचे पाणी ओढणारे शेजारी झाले असते.

उत्पन्न: सरासरीपेक्षा यादी बोलकी

या गावाच्या उत्पन्नाविषयी सर्वाधिक फिरलेला आकडा म्हणजे दशलक्षाधीशांचा. २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार गावातील २१६ कुटुंबांपैकी ५४ कुटुंबे दशलक्षाधीश होती. इंग्रजीतला ‘मिलियनेअर’ हा शब्द मराठी आणि हिंदी मथळ्यांत येता येता ‘करोडपती’ झाला, आणि ‘करोडपतींचे गाव’ ही ओळख रूढ झाली. मिलियन म्हणजे दहा लाख. करोड म्हणजे शंभर लाख. भाषांतराच्या एका पायरीवर गाव दहापट श्रीमंत झाले. ही चूक मला किरकोळ वाटत नाही, कारण हा मथळा वाचून दुसऱ्या गावचा शेतकरी आपल्या गावाची तुलना करतो आणि एक तर विश्वास ठेवत नाही किंवा निराश होतो. दोन-तीन एकर ओलित, चार दुभती जनावरे आणि पक्के घर एवढ्यानेही दहा लाखांची मालमत्ता होते. ते मोठे यश आहेच, आणि ते आवाक्यातले आहे.

दुसरा आकडा दरडोई उत्पन्नाचा. ते पंधरा वर्षांत वीस पटींहून अधिक वाढले असे सांगितले जाते. त्यात त्या काळात वाढलेल्या भावांचा वाटा आहे, आणि सुरुवातीची पातळी अतिशय खाली असल्याने पटीचा आकडा फुगतो, हे दोन्ही ध्यानात ठेवावे लागते. शिवाय दोनशे घरांच्या गावात सरासरी फार हलकी असते. पाच-सहा घरांचा कांदा चांगल्या भावाने गेला तर गावाची सरासरी हलते, आणि ज्याच्याकडे कांदाच नाही त्याच्या घरात त्या सरासरीतले काहीच पोचलेले नसते.

म्हणून मी तिसऱ्या आकड्याला अधिक वजन देतो: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या यादीला. १९९५ च्या पाहणीत १८० पैकी १६८ कुटुंबे त्या रेषेखाली होती, म्हणजे शेकडा त्र्याण्णव. १९९८ च्या पाहणीत ती ५३ उरली आणि पुढच्या दशकात ३. सरासरी काही घरांच्या जोरावर चढते. यादीतले नाव मात्र त्या घराची स्थिती सुधारल्याशिवाय कमी होत नाही. गावाने दारिद्र्याचा निकषही स्वतः ठरवला होता. दोन वेळचे जेवण, मुलांचे शिक्षण आणि आजारपणाचा खर्च ज्या घराला झेपत नाही ते घर गरीब, असा तो निकष होता, आणि तो सरकारी रेषेच्या वरचा होता. एरवी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव घालून घेण्यासाठी गावोगावी वशिले लागतात. इथे ग्रामसभेसमोर, शेजाऱ्यांच्या देखत, कोणते घर अजून मागे आहे हे बोलले गेले, आणि ते घर वर काढणे हे गावाचे काम मानले गेले.

५४ आणि ३ यांची बेरीज ५७ होते. २१६ मधली उरलेली १५९ कुटुंबे कोणत्याही मथळ्यात येत नाहीत, पण या प्रकरणातला खरा बदल त्या घरांत झालेला आहे. ती कशी सावरली याचे उत्तर विहिरीपेक्षा गवतात अधिक सापडते.

चराईबंदीचा अर्थ डोंगर बंद करणे असा नव्हता. जनावर डोंगरावर सोडायचे नाही; गवत विळ्याने कापून आणायचे आणि गोठ्यात घालायचे. शेळीने कोंब खुडला की झाड संपते, विळ्याने गवत कापले की पुढच्या पावसात ते पुन्हा फुटते. सन २००० मध्ये सुमारे १०० टन असलेले गवताचे उत्पादन २००४ पर्यंत ६,००० टनांच्या घरात गेले. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला विहिरीचा फायदा होतो. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरते गुंठे आहेत, त्याला विहिरीचा फायदा मजुरीच्या रूपानेच मिळतो. डोंगरावरचे गवत मात्र सगळ्यांचे. विळा आणि डोक्यावर भारा वाहण्याची ताकद एवढ्या भांडवलावर भूमिहीन घरही एखादी गाय सांभाळू शकते. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गावात रोज दीडशे लिटरच्या आसपास दूध निघत असे. दहा वर्षांत ते दोन हजार लिटरच्या पुढे गेले.

दुधाच्या पैशाचा स्वभावही वेगळा आहे. कांद्याचे पैसे वर्षातून एकदा येतात, कधी घसघशीत तर कधी वाहतूक आणि हमालीही न सुटण्याइतके. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो. ‘पगार’ हा शब्दच आपल्याकडे शेतकऱ्यांनी दुधासाठी रुजवला आहे. दर दहा दिवसांनी येणाऱ्या रकमेवर किराणा चालतो, शाळेचे दप्तर येते, दवाखाना होतो. माणूस गाव सोडतो तो बहुधा वार्षिक उत्पन्न कमी म्हणून सोडत नाही. मार्च ते जून या चार महिन्यांत घरात रोख पैसा नसतो म्हणून सोडतो. उत्पन्नाच्या रकमेइतकीच त्याची नियमितता लोकसंख्येवर परिणाम करते, हे या गावाने दाखवलेले सूत्र मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि उत्पन्नाच्या तक्त्यांत ते कुठेच दिसत नाही.

लोकसंख्या: कोण परतले

१९९५ मध्ये १८० कुटुंबे, बारा-तेरा वर्षांनी २१६. वाढ छत्तीस कुटुंबांची, शेकडा वीस. ही वाढ वाचताना घाई करू नये. कुटुंबांची संख्या तीन कारणांनी वाढते: भाऊ वेगळे होऊन चुली दोन होतात, बाहेरचे येऊन राहतात, किंवा गेलेले परततात. हिवरे बाजारात बाहेरचे येण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता, कारण गावाबाहेरच्या कोणाला जमीन विकायची नाही असे गावाने ठरवले होते. नसबंदी पंचसूत्रीत असल्यामुळे जन्मांमुळे होणारी वाढही आवरलेली होती. उरतात पहिले आणि तिसरे कारण. पुण्यामुंबईला गेलेली अनेक कुटुंबे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून परतू लागली, आणि हे परतणे हाच या गावाच्या लोकसंख्येच्या कहाणीचा गाभा आहे.

‘नसबंदी’ या शब्दावर एक क्षण थांबले पाहिजे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झाले नाही, पण आणीबाणीतल्या सक्तीची आठवण त्या शब्दाला चिकटलेली आहे. पंचसूत्रीत हा शब्द कुटुंब मर्यादित ठेवण्याच्या अर्थाने येतो. तरीही सगळे गाव एकमेकांना ओळखते अशा ठिकाणी सामूहिक नियम आणि घरातल्या बाईची खासगी इच्छा यांत फार अंतर राहत नाही, आणि शस्त्रक्रियेचा भार आपल्याकडे जवळजवळ नेहमीच बाईवर पडतो. या गावाच्या यशाविषयी मनापासून आदर असणाऱ्यानेही ही बाजू नोंदवली पाहिजे असे मला वाटते.

परतणाऱ्यांचे महत्त्व कळण्यासाठी कोकणाकडे पाहावे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. पाऊस तिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. चाकरमान्याचे गावाशी नाते तुटलेले नाही. गणपतीला आणि शिमग्याला घर उघडते, मनीऑर्डरीची जागा आता मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांनी घेतली आहे. पण जनगणना त्याला मुंबईत मोजते. पाऊस भरपूर असून माणसे गेली, आणि इथे पाऊस ४०० मिलिमीटर असून माणसे परतली. पाण्याचा आकडा एकटा काही ठरवत नाही. गावात बारा महिने चालणारा उद्योग आहे की नाही यावर माणसाचे राहणे ठरते.

परतायला मात्र परतण्याजोगे काही असावे लागते. ज्या कुटुंबाची चार एकर कोरडवाहू जमीन पडून होती, त्याला विहिरीला पाणी लागल्याचे कळल्यावर शहरातली खोली सोडून येणे परवडले. दुष्काळाच्या वर्षांत ज्याने जमीन विकली किंवा ज्याच्या नावावर ती कधीच नव्हती, त्याला परतण्यासाठी तेवढे सबळ कारण नव्हते. जमीन बाहेर न विकण्याचा ठराव या दृष्टीने फार दूरदृष्टीचा ठरला. पुण्याच्या आणि नगरच्या भोवतालच्या गावांत पाणी, रस्ता किंवा नाव झाले की दलाल येतात, सातबारा फिरतो, आणि दहा वर्षांत मूळ शेतकरी आपल्याच विकलेल्या जमिनीवर रखवालदार होतो. हिवरे बाजारची जमीन पाणी आल्यावर महागली, आणि ती महागलेली जमीन गावकऱ्यांच्याच नावावर राहिली. बाहेर गेलेल्यांसाठी ती राखून ठेवलेली जागा होती असेही म्हणता येईल.

विविधता: वेशीच्या आत आणि बाहेर

मिळकत वाढली आणि माणसे परतली, तरी गावाची सामाजिक घडण फारशी बदलली नाही. ती बदलणारही नव्हती, कारण बाहेरून येणाऱ्यांसाठी वाट ठेवलेली नव्हती. जगात जिथे लहान गावांची लोकसंख्या पुन्हा वाढते तिथे ती बहुधा नव्या लोकांच्या येण्याने वाढते, आणि त्यांच्याबरोबर नवी भाषा, नवा धर्म, नवे खाणेपिणे येते. हिवरे बाजारची वाढ जुन्याच लोकांच्या परतण्याने झाली. म्हणून इथे विविधतेचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो: जे आधीपासून गावात होते, पण संख्येने थोडे किंवा हक्काने दुबळे होते, त्यांना या वाढीत काय मिळाले?

याचे एक ठळक उत्तर गावात उभे आहे. गावात एकच मुस्लिम कुटुंब होते, आणि त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधून दिली. दोनशे घरांत एक घर म्हणजे शेकडा अर्धा. कोणत्याही तक्त्यात असा आकडा ‘इतर’ या रकान्यात विरून जातो. त्या घराच्या प्रार्थनेसाठी वेगळी इमारत उभी करणे हा संख्येच्या हिशेबाबाहेरचा निर्णय होता, आणि गावाने तो घेतला. मला या प्रकरणात सर्वांत जास्त भावलेली गोष्ट हीच आहे. शेकडा अर्ध्याला गावाने अख्खा एक मानले.

जातीबाबत इतके ठळक काही दाखवता येत नाही. गावाच्या प्रगतीचे जे आकडे सर्वत्र दिले जातात त्यांत विहिरी, दूध, गवत, कुटुंबे आणि दारिद्र्यरेषा असतात. जमिनीची मालकी कोणत्या समाजाकडे किती, आणि उत्पन्नाची वाढ कोणाची किती, हे नसते. सामाईक गवतामुळे भूमिहीनाला दुधाची वाट मिळाली हे वर आलेच. पण विहिरीच्या पाण्याची किंमत जमिनीवरच उतरते, आणि जमीन ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांचीच ती दुप्पट-चौपट होते. गरिबी ओसरणे आणि विषमता कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा या गावाने दिला आहे. दुसरीसाठी सातबारा आणि दुधाची संकलन वही शेजारी ठेवून घरोघर पाहावे लागेल, आणि ते काम गावाच्या माहितीच्या पद्धती पाहता गावालाच सर्वांत चांगले जमेल.

बायकांच्या बाबतीतही असेच. डोंगरावरून गवताचा भारा आणणारी, धारा काढणारी, गोठा साफ करणारी बाईच असते. दुधाच्या पगाराची पावती कोणाच्या नावाने निघते आणि ते पैसे कोणाच्या हातात पडतात यावर त्या कष्टाचे मोल ठरते. पंचायतीत महिलांच्या जागा राज्याने २०११ मध्ये निम्म्या केल्या. लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करणे, दारूबंदी आणि हागणदारीमुक्ती हे या गावाचे निर्णय बायकांच्या आयुष्याशी थेट जोडलेले होते, आणि परतलेल्या कुटुंबांतल्या सुनांना शहरातल्या खोलीपेक्षा इथे राहणे सुसह्य वाटण्यात या निर्णयांचा वाटा असणार, असे मला वाटते.

मतांची विविधता हाही विविधतेचाच भाग आहे. १९८९ पासून तीस वर्षे गावात पंचायतीची निवडणूक बिनविरोध होत आली. आदर्श गावांच्या वर्णनांत बिनविरोध निवडणूक ही भूषण म्हणून सांगितली जाते, आणि भाऊबंदकीत होरपळलेली गावे पाहिली की तसे का वाटते हेही समजते. तरीही तीस वर्षांत गावात एक नवी पिढी वयात येते, जिने कोरड्या विहिरी आणि हातभट्ट्या फक्त ऐकलेल्या असतात. जानेवारी २०२१ मध्ये हिवरे बाजारात तीन दशकांनंतर प्रत्यक्ष मतदान झाले. पोपटराव पवारांच्या मंडळाने सातही जागा जिंकल्या. लढत झाली म्हणून गावाची घडी विस्कटली नाही, आणि मतपेटीतून मिळालेला कौल बिनविरोध निवडीपेक्षा अधिक भक्कम असतो; ऊस लावू नका असे सांगण्याचा अधिकार त्या कौलातून येतो.

पुढचे आकडे

२०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. पुढची होईपर्यंत गावांची लोकसंख्या मतदार यादी, घरपट्टीची वही आणि शिधापत्रिका यांवरून अदमासाने सांगितली जाते, आणि या तिन्हींत मोठी गफलत असते. मतदार यादीत पुण्याला स्थायिक झालेल्याचेही नाव असते, घरपट्टी कुलूपबंद घराचीही असते, आणि शिधापत्रिका वेगळी झाली म्हणजे चूल वेगळी झालीच असे नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जातींची नोंद होणार आहे. हिवरे बाजारसारख्या गावात उत्पन्नाची आणि जमिनीची माहिती आधीपासून गावाकडे असताना त्या नोंदीचा उपयोग नुसत्या शिरगणतीपुरता राहणार नाही.

परतलेल्यांना मोजण्याची सोय मात्र जनगणनेच्या प्रश्नावलीत पूर्वीपासून आहे. जन्मस्थान कोणते आणि याआधीचे वास्तव्य कुठे होते, हे दोन प्रश्न त्यात वेगवेगळे विचारले जातात. जो गावातच जन्मला आणि कधी बाहेर गेलाच नाही, त्याच्यापुढे दुसऱ्या प्रश्नाचा रकाना कोरा राहतो. ‘जन्म याच गावी, मागील वास्तव्य पुणे किंवा मुंबई’ अशी ज्याची नोंद होते, तो परतलेला. प्रगणक दारात उभा असताना ही दोन उत्तरे नीट, घाई न करता लिहून घेतली गेली, तर या गावात किती माणसे माघारी आली हे कोणाच्या सांगण्यावर न विसंबता मोजता येईल.